बाष्पजनित्रांतील नलिकांचे कंपन : एका अभियांत्रिकी प्रश्नाचा इतिहास

अणुशक्तीच्या इतिहासावर जे लेखन होते त्यात अणुभट्टीच्या गाभ्याला मानाचे स्थान मिळते. इंधन, नियंत्रणदंड, किरणोत्सर्ग यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. गाभ्यातील उष्णता ज्या यंत्रात वाफेचे रूप घेते त्या बाष्पजनित्राकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष सहसा जात नाही. तथापि गेल्या अर्धशतकात अणुविद्युत्‌केंद्रांच्या चालकांना ज्या प्रश्नांनी सतत सतावले त्यांतील एक याच यंत्रातला आहे. नलिकांभोवती पाणी व वाफ वाहू लागली म्हणजे त्या नलिका थरथरतात. काही परिस्थितीत ही थरथर आपोआप वाढत जाते व शेवटी नलिका झिजते किंवा तुटते. हे का घडते, ते केव्हा कळले, आणि कळल्यानंतरही ते पुन्हा पुन्हा का घडले, या तीन प्रश्नांचा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे असल्याने त्यास अधिक जागा दिली आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

दाबयुक्त पाण्याच्या अणुभट्टीत पाण्याचे दोन स्वतंत्र फेरे असतात. पहिल्या फेऱ्यातील पाणी गाभ्यातून फिरते. त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १५० पट व तपमान ३२० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते उकळत नाही, पण किरणोत्सर्गी द्रव्ये वाहून नेते. दुसऱ्या फेऱ्यातील पाणी स्वच्छ असते. त्याचीच वाफ होऊन टरबाइन फिरते. हे दोन्ही फेरे ज्या ठिकाणी एकमेकांच्या निकट येतात ते ठिकाण म्हणजे बाष्पजनित्र. एका उभ्या, उंच पात्रात हजारो नलिका उलट्या ‘यू’च्या आकारात बसविलेल्या असतात. नलिकेच्या आत पहिल्या फेऱ्याचे पाणी आणि बाहेर दुसऱ्या फेऱ्याचे पाणी, अशी ही रचना आहे. नलिकेचा व्यास सामान्यतः १९ ते २२ मिलिमीटर आणि भिंतीची जाडी एक मिलिमीटरच्या जवळपास असते.

या एक मिलिमीटर भिंतीवर परस्परविरोधी अशी दोन कर्तव्ये येऊन पडतात. उष्णता सहज पार जावी म्हणून ती पातळ हवी. किरणोत्सर्गी पाणी पलीकडे जाऊ नये म्हणून ती मजबूत हवी. पहिल्या फेऱ्याला बंदिस्त ठेवणारे जे एकूण पृष्ठफळ असते त्याचा निम्म्याहून अधिक भाग या नलिकांच्याच भिंतींचा असतो, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य पटेल. नलिका फुटली तर गाभ्यातील पाणी सरळ वाफेच्या मार्गात शिरते, आणि तो मार्ग केंद्राच्या संरक्षक घुमटाबाहेर जातो.

नलिका लांब व सडपातळ असल्याने तिला ठिकठिकाणी आधारपट्टांच्या छिद्रांतून ओवून घ्यावे लागते. सरळ भागात बाहेरचे पाणी बहुतांशी नलिकेच्या लांबीच्या दिशेने वर चढते व त्याचा उपद्रव थोडा असतो. परंतु माथ्यावर, जेथे नलिका वळते, तेथे वाफ व पाणी यांचे मिश्रण नलिकांना आडवे छेदून जाते. तळाशी, जेथे पाणी प्रथम जुडग्यात शिरते, तेथेही प्रवाह आडवाच असतो. कंपनाचा इतिहास मुख्यतः या आडव्या प्रवाहाचा इतिहास आहे.

२. गाणारी तार

वाऱ्यात ताणलेली तार गाते हे मनुष्यास प्राचीन काळापासून ठाऊक आहे. त्याचा पहिला मोजून केलेला अभ्यास १८७८ मध्ये स्ट्रौहाल या बोहेमियात जन्मलेल्या पदार्थविज्ञानवेत्त्याने प्रसिद्ध केला. हवेतून तार फिरवून निघणाऱ्या स्वराची उंची त्याने मोजली आणि असे दाखविले की ती उंची वाऱ्याच्या वेगाच्या सम प्रमाणात व तारेच्या व्यासाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. तारेच्या ताणावर ती अवलंबून नाही. या प्रमाणाचा गुणक ०.२ च्या जवळपास येतो व आजही तो स्ट्रौहालच्या नावाने ओळखला जातो. स्वर उत्पन्न होतो तो हवा व तार यांच्या घर्षणामुळे, अशी स्ट्रौहालची समजूत होती. पुढच्याच वर्षी लॉर्ड रॅले यांनी निदर्शनास आणले की तार वाऱ्याच्या दिशेने हालत नसून वाऱ्याला काटकोनात हालते. घर्षणाच्या कल्पनेशी हे जुळणारे नव्हते.

उलगडा व्हावयास आणखी तीस वर्षे लागली. १९०८ मध्ये फ्रान्समध्ये बेनार यांनी दंडगोलामागे आळीपाळीने सुटणाऱ्या भोवऱ्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि १९११-१२ मध्ये गटिंगेन येथे कार्मान यांनी त्या भोवऱ्यांच्या दुहेरी रांगेचे गणित मांडले. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून भोवरा सुटतो आणि प्रत्येक वेळी दंडगोलाला बाजूचा हिसका बसतो. हिसक्यांची कंप्रता तारेच्या स्वाभाविक कंप्रतेशी जुळली की अनुस्पंदन होते. उदाहरणार्थ, १९ मिलिमीटर व्यासाच्या एकट्या नलिकेवरून सेकंदास एक मीटर वेगाने पाणी वाहत असेल तर सेकंदास सुमारे दहा हिसके बसतील. नलिकेची स्वाभाविक कंप्रता त्यापासून दूर ठेवली की भय नाही. उपाय इतका सुबोध असल्यामुळेच पुढील पिढीचे लक्ष त्याच्यावर खिळून राहिले.

३. भोवऱ्यांच्या उपपत्तीची मर्यादा

७ नोव्हेंबर १९४० रोजी अमेरिकेतील टॅकोमा येथील झुलता पूल वाऱ्यात पिळवटून कोसळला. त्याच्या चौकशी समितीत कार्मान हेही होते. भोवऱ्यांच्या हिसक्यांमुळे अनुस्पंदन होऊन पूल पडला, असे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांतून अनेक वर्षे दिले जात असे. वस्तुतः शेवटच्या तासातील पीळ हा आत्मोत्तेजित कंपाचा प्रकार होता. पूल हालल्याने वाऱ्याचा दाब बदले आणि बदललेला दाब पुलास अधिक हालवी. बाहेरून तालबद्ध हिसके येण्याची येथे गरज नसते. वस्तूची हालचालच प्रवाहातून शक्ती ओढून घेते. नलिकांच्या प्रश्नातही नेमकी हीच फारकत पुढे करावी लागली.

१९५० नंतरच्या काळात उष्णता-विनिमयकांचे आकार वाढले, प्रवाहांचे वेग वाढले आणि नलिका तुटल्याच्या तक्रारीही वाढल्या. अभियंत्यांनी साहजिकच कार्मानच्या भोवऱ्यांकडे बोट दाखविले. स्वित्झर्लंडमधील सुल्झर कंपनीतील वाय. एन. चेन यांनी नलिकांच्या निरनिराळ्या मांडण्यांसाठी स्ट्रौहाल-गुणकाचे तक्ते १९६८ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु एका नलिकेमागे मोकळी जागा असते तशी दाट जुडग्यात नसते. भोवरा पुरता वळण्यापूर्वीच पुढची नलिका आडवी येते. १९६५ मध्ये इंग्लंडमधील पी. आर. ओवेन यांनी हीच शंका उपस्थित केली. जुडग्याच्या खोल भागात सुटे सुटे भोवरे टिकणार नाहीत, तेथे प्रवाहाचा खवळलेपणाच नलिकांना धक्के देत असला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

याहूनही मूलगामी काम बी. डब्ल्यू. रॉबर्ट्‌स यांनी केंब्रिज येथे केले. १९६२ च्या प्रबंधात व १९६६ च्या पुस्तिकेत त्यांनी किंचित मागेपुढे मांडलेल्या दंडगोलांच्या रांगेवरील प्रयोग वर्णिले. दोन दंडगोलांमधून निघणारे झोत शेजारच्या झोतांशी जोड्या जमवितात. दंडगोल हालले की या जोड्या बदलतात. आणि हा बदल दंडगोलांच्या हालचालीस थोडा मागे राहून होत असल्याने हालचालीस खतपाणी मिळते. विशिष्ट वेग ओलांडताच कंप एकाएकी वाढतो, असे त्यांना आढळले. रॉबर्ट्‌स यांच्या प्रयोगातील कंप मुख्यतः प्रवाहाच्या दिशेने होता, आडवा नव्हता. वाचकांनी ही बाब लक्षात ठेवावी. पन्नास वर्षांनंतर तिचे मोल कळून आले.

४. कॉनर्स यांचे सूत्र

या विषयाला आजचे रूप आले ते १९७० मध्ये. अमेरिकेतील वेस्टिंगहाउस कंपनीच्या प्रयोगशाळेतील एच. जे. कॉनर्स यांनी वातबोगद्यात नलिकांची एकच रांग उभी करून प्रयोग केले. वारा हळूहळू वाढवीत नेला असता आरंभी नलिका क्षीणपणे थरथरत. पण एका ठरावीक वेगापाशी त्या अकस्मात मोठ्या लंबवर्तुळाकार फेऱ्या घेऊ लागत, आणि शेजारशेजारच्या नलिकांच्या फेऱ्या एकमेकींशी ठरावीक संबंध राखून चालत. एक नलिका जागची हालली की शेजारणीवरील दाब बदलतो, शेजारीण हालते, आणि तिच्या हालण्याने पहिलीवरील दाब बदलतो. या देवघेवीत प्रवाहातून मिळणारी शक्ती नलिकेत विरणाऱ्या शक्तीहून अधिक झाली की कंप आवरत नाही. या घटनेस द्रायु-स्थितिस्थापक अस्थैर्य असे म्हणता येईल. कॉनर्स यांनी त्याचे जे सूत्र दिले ते मराठी अक्षरांत असे मांडता येते :

वे ÷ (कं × व्या) = क × √[ (व × अ) ÷ (घ × व्या²) ]

येथे वे म्हणजे ज्या वेगापाशी अस्थैर्य सुरू होते तो क्रांतिक वेग. कं नलिकेची स्वाभाविक कंप्रता. व्या तिचा व्यास. व दर एकक लांबीचे वस्तुमान. अ कंप विरविण्याचे माप, म्हणजे अवमंदन. घ बाहेरील द्रायूची घनता. आणि क हा प्रयोगाने काढावयाचा गुणक. कॉनर्स यांच्या एका रांगेसाठी क ची किंमत ९.९ आली.

या सूत्राने अभियंत्याच्या हाती प्रथमच एक मोजपट्टी दिली. नलिका कडक करा, आधार जवळजवळ द्या, अवमंदन वाढवा, वेग कमी ठेवा, एवढा उपदेश त्यातून सरळ निघतो. पण क हा गुणक म्हणजे आपल्या अज्ञानाचेही माप होते. दाट जुडग्यांवर प्रयोग होऊ लागले तसतशी त्याची किंमत खाली येत गेली. पुढील दोन दशकांत अमेरिकेत ब्लेव्हिन्स व एस. एस. चेन, कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठातील वीव्हर, मॅगिल विद्यापीठातील पायदुसिस व प्राइस, आणि चॉक रिव्हर येथील पेटिग्रू व त्यांचे सहकारी यांनी या एका सूत्राभोवती फार मोठे संशोधन उभे केले. लेव्हर व वीव्हर यांनी १९८२ मध्ये असे दाखविले की शेजारच्या सर्व नलिका ताठ असल्या तरी एकटी लवचिक नलिकाही अस्थिर होऊ शकते. १९९१ मध्ये पेटिग्रू व टेलर यांनी उपलब्ध प्रयोगांचा ताळा घेऊन आराखड्यासाठी क = ३ ही किंमत सुचविली. सुरुवातीच्या ९.९ पासून ३ पर्यंतचा हा उतार वीस वर्षांच्या परिश्रमाचे फळ होते.

सूत्रातील एका गोष्टीकडे येथे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. नलिकेची स्वाभाविक कंप्रता दोन आधारांमधील अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. मधला एक आधार निकामी झाला व अंतर दुप्पट झाले, तर कंप्रता चौथाईवर येते. इतर गोष्टी समान असल्यास क्रांतिक वेगही चौथाईवर येतो. म्हणजे सूत्रात ‘आधार’ हा शब्द कोठेही दिसत नसला तरी सारे गणित आधारावरच उभे आहे. नकाशात दाखविलेला आधार प्रत्यक्षात आधार देत असला पाहिजे, हे सूत्राचे न लिहिलेले गृहीतक होय.

५. आधारांची साक्ष

पुढील अपघातांचा इतिहास म्हणजे या गृहीतकाची परीक्षा होती असे म्हणावयास हरकत नाही.

१९८१ मध्ये स्वीडनमधील रिंगहाल्स ३ व स्पेनमधील अल्माराझ १ या नव्या केंद्रांत नलिका अल्पावधीत झिजल्याचे आढळले. त्यांच्या बाष्पजनित्रांत येणारे पाणी आधी तापविण्यासाठी एक वेगळा कप्पा होता. तेथे शिरणारा झोत नलिकांवर आडवा आदळे, आणि पट्टांच्या छिद्रांत नलिका सैल असल्याने त्या छिद्रांच्या कडांवर घासत. नलिका छिद्रांत फुगवून घट्ट करणे व झोताची वाटणी बदलणे असे उपाय करावे लागले.

१५ जुलै १९८७ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील नॉर्थ ॲना १ या केंद्रात एक नलिका सबंध परिघावर तुटली व मिनिटाला दोन हजार लिटरांहून अधिक पाणी पलीकडे गेले. येथे कारणांची साखळी चमत्कारिक होती. पोलादी आधारपट्टाच्या छिद्रात गंजाचा थर साचून त्याने नलिका आवळली होती. वरवर पाहता हा आधार अधिकच भक्कम झाला. पण आवळलेल्या नलिकेत कायमचा ताण निर्माण झाला आणि सैल छिद्रात घासून जी थोडी शक्ती विरत असे तीही विरेनाशी झाली. शिवाय वळणाच्या भागात ज्या कंपनिरोधक पट्ट्या नलिकांच्या मध्ये खुपसलेल्या असतात, त्या या नलिकेपर्यंत पोचत नव्हत्या. शेजारी त्या कमीअधिक खोल गेल्याने तेथील प्रवाहाचा वेग मात्र वाढला होता. धातूच्या शिणवट्याने उरलेले काम केले. १९८८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने या प्रकारच्या शीघ्र वाढणाऱ्या भेगांविषयी सर्व संबंधित केंद्रांना परिपत्रक काढले.

९ फेब्रुवारी १९९१ रोजी जपानमधील मिहामा २ या केंद्रात तसाच प्रसंग घडला. नलिका वरच्या आधारपट्टापाशी पूर्ण तुटली, अणुभट्टी आपोआप बंद पडली व आणीबाणीची शीतन-यंत्रणा कार्यान्वित झाली. जपानमध्ये अशी वेळ प्रथमच आली होती. चौकशीत निष्पन्न झाले की कंपनिरोधक पट्ट्या आराखड्यात दाखविलेल्या खोलीपर्यंत बसविलेल्याच नव्हत्या. हे केंद्र १९७२ पासून चालू होते. म्हणजे जो आधार कागदावर होता आणि यंत्रात नव्हता त्याच्या भरवशावर ती नलिका जवळजवळ एकोणीस वर्षे उभी होती.

फ्रान्समधील क्रुआस येथील अनुभव आणखी निराळा. तेथे आधारपट्टांच्या छिद्रांना पाकळ्यांसारख्या मोकळ्या वाटा ठेवल्या होत्या, म्हणजे गंज साचू नये. तरीही वर्षानुवर्षे त्या वाटांत गाळ बसला, पाणी उरलेल्या मोकळ्या मध्यभागातून जोराने वाहू लागले, व तेथील नलिका शिणवट्याने चिरल्या. २००६ च्या फेब्रुवारीतील गळतीनंतर या बुजलेल्या वाटांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि फ्रान्सच्या विद्युत्‌मंडळास अनेक बाष्पजनित्रे रासायनिक द्रव्यांनी धुऊन काढावी लागली.

या चारही घटनांत कॉनर्स यांच्या सूत्राला कोठेही बाध आला नाही, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे. एके ठिकाणी आधार सैल होता, दुसऱ्या ठिकाणी तो आवळला गेला होता, तिसऱ्या ठिकाणी तो पोचलाच नव्हता, चौथ्या ठिकाणी त्याने प्रवाहाची वाट बदलली. सूत्रात भरलेले आकडे व यंत्रातील वस्तुस्थिती यांची फारकत झाली होती.

६. सान ओनोफ्रे

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावरील सान ओनोफ्रे येथे घडले. तेथील २ व ३ क्रमांकांच्या अणुभट्ट्यांची जुनी बाष्पजनित्रे गंजाने जर्जर झाल्यामुळे बदलण्यात आली. जपानमधील मित्सुबिशी कंपनीने बनविलेल्या प्रत्येक नव्या जनित्रात अधिक गंजरोधक मिश्रधातूच्या ९,७२७ नलिका होत्या. जुन्यात त्या ९,३५० होत्या. नवी जनित्रे बसवून वर्षही नीट सरले नव्हते, तोच ३१ जानेवारी २०१२ रोजी तिसऱ्या अणुभट्टीत एका नलिकेस गळती लागली. तपासणीत असे दिसले की वळणाच्या भागात नलिका एकमेकींवर आदळून झिजल्या आहेत. त्यानंतरच्या दाबपरीक्षेत आठ नलिका नापास झाल्या.

येथे कंपनिरोधक पट्ट्या जागच्या जागी होत्या, आणि त्या मिहामाप्रमाणे अपुऱ्याही नव्हत्या. मग झाले काय? या पट्ट्या चपट्या असून नलिकांच्या थरांमध्ये उभ्या सरकविलेल्या असतात. नलिका आपल्या वळणाच्या पातळीबाहेर डोलू पाहील तर पट्टी तिला अडविते. पण नलिका स्वतःच्या पातळीतच, म्हणजे मुख्यतः प्रवाहाच्या दिशेने, हालू लागली तर तिला अडविणारे फक्त पट्टीशी होणारे घर्षण. घर्षणासाठी नलिका व पट्टी यांत थोडा दाब हवा. सान ओनोफ्रेच्या तिसऱ्या अणुभट्टीसाठी सुटे भाग अधिक काटेकोर मापांनी बनविले होते. त्यामुळे दुसरीच्या मानाने तिच्या पट्ट्यांचा नलिकांवरील दाब कमी पडला, आणि काटेकोरपणाच नडला. त्यातच वळणाच्या माथ्यावर मिश्रणात वाफेचे प्रमाण आकारमानाने ९९ टक्क्यांहून अधिक झाले होते. नलिकेभोवतीचा पाण्याचा थर कंप विरविण्यास मदत करतो. तो नाहीसा झाल्याने अवमंदन घटले. गणकयंत्रावरील आकडेमोडीत प्रवाहाचा वेगही प्रत्यक्षापेक्षा कमी आला होता.

पातळीतील कंपाची तपासणी आराखड्याच्या वेळी का झाली नाही, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे. चालत्या बाष्पजनित्रात असा कंप त्यापूर्वी कोणी पाहिला नव्हता. १९८३ मध्ये वीव्हर व श्नायडर यांनी चपट्या पट्ट्यांवर केलेल्या प्रयोगांतही पातळीतील अस्थैर्य दिसले नव्हते. यास्तव ‘प्रवाहाला आडवा कंप आवरला की काम झाले’ हा नियम रूढ झाला. नियम अनुभवसिद्ध होता, पण तो कोणत्या मर्यादेत अनुभवसिद्ध आहे ही नोंद मागे पडली. रॉबर्ट्‌स यांना तर अगदी आरंभीच प्रवाहाच्या दिशेचा कंप दिसला होता. शिवाय मुरेइथी, पेटिग्रू व त्यांच्या मॉन्ट्रिअल येथील सहकाऱ्यांनी २००५ व २००६ मध्ये मुद्दाम प्रवाहाच्या दिशेने लवचिक ठेवलेल्या नलिकांवर प्रयोग करून त्या दिशेतही अस्थैर्य येऊ शकते असे प्रसिद्ध केले होते. ज्ञान छापील स्वरूपात उपलब्ध होते. ते आराखडा करणाऱ्याच्या टेबलावरील नियमपुस्तकात उतरले नव्हते.

७ जून २०१३ रोजी दोन्ही अणुभट्ट्या कायमच्या बंद करण्याचे जाहीर झाले. एक मिलिमीटर जाडीच्या नलिका एकमेकींवर घासल्याने दोन मोठी विद्युत्‌केंद्रे निकालात निघाली.

७. उपसंहार

आपल्याकडेही हा विषय परका नाही. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांना दुय्यम बाष्पजनित्रे जोडलेली होती. त्यांच्या नलिकांच्या गळतीमुळे ती पुढे वापरातून काढावी लागली आणि प्रत्येक अणुभट्टीची क्षमता २१० वरून १६० मेगावॉटवर आणावी लागली. गळतीचे कारण कोणतेही असो, नलिकेची किंमत काय असते याचे ते उदाहरण होय. तारापूरच्याच ३ व ४ क्रमांकांच्या जड पाण्याच्या अणुभट्ट्या, तसेच देशातील त्या जातीच्या इतर सर्व अणुभट्ट्या, बाष्पजनित्रांच्या नलिकांवरच अवलंबून आहेत. तेव्हा परदेशांतील या घटनांचा अभ्यास आपल्या विद्यार्थ्यांनी केवळ दूरची वार्ता म्हणून करावयाचा नाही.

या इतिहासातून कोणता निष्कर्ष निघतो? स्ट्रौहाल यांनी स्वर अचूक मोजला, पण कारण घर्षण मानले. पुढच्या पिढीने भोवरे अचूक ओळखले, पण ते दाट जुडग्यातही तसेच असतील असे धरले. कॉनर्स यांच्यानंतरच्या अभियंत्यांनी अस्थैर्याचे सूत्र अचूक वापरले, पण आधार नकाशाप्रमाणे आहेत व कंप एकाच दिशेने होईल असे गृहीत धरले. प्रत्येक वेळी मोजमाप टिकले आणि गृहीतक ढळले. म्हणून सूत्र शिकविताना ते कोणत्या नलिकांवर, किती रांगांवर, कोणत्या दिशेच्या कंपावर व कोणत्या आधारांवर पारखले गेले, हेही शिकविले पाहिजे. ही माहिती सूत्राबरोबर पिढ्यानपिढ्या चालत राहिली असती, तर १९६६ मधील एका पुस्तिकेतील निरीक्षण २०१२ मध्ये नव्याने शोधण्याची पाळी आली नसती. अभियांत्रिकीच्या विभागात इतिहासाला जागा असावी, यासाठी याहून वेगळे कारण शोधण्याची गरज नाही.